सभेचा कर्णा आणि गिटारीचा सूर

माणसाच्या आवाजाला निसर्गानें एक कुंपण घातलें आहे. वक्ता कितीहि खणखणीत बोलणारा असला, तरी उघड्या मैदानांत कांहीं हजारांपलीकडे त्याचा शब्द स्पष्ट पोंचत नाहीं. हें कुंपण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत ज्या यंत्रानें मोडलें, त्या ध्वनिवर्धकाची कथा आज सांगावयाची आहे. त्या कथेचा विशेष असा कीं, भाषणासाठीं जन्मलेलें हें यंत्र पुढें संगीतानें आपल्या घरीं नेलें. सभेसाठीं बनविलेले व्हॉल्व्हचे जुने ध्वनिवर्धक शोधून त्यांचें गिटारीसाठीं रूपांतर करण्याचा नाद आज अनेक देशांत आहे. कोणी म्हणेल, हा हौशी मंडळींचा खेळ. परंतु इतिहास पाहिला म्हणजे तसें म्हणवत नाहीं.

कर्ण्याचा आरंभ व्हॉल्व्हवांचून झाला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं फिरत्या वेटोळ्याचा कर्णा सिद्ध केला, आणि १९१५ सालीं नाताळच्या आदल्या सायंकाळीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढें जमलेल्या प्रचंड समुदायाला तो ऐकविला. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन दिएगो येथें कांचेच्या खोलींत उभें राहून सुमारें ५० हजार श्रोत्यांपुढें भाषण केलें, तें याच जोडीच्या कर्ण्यांतून.

पण कर्ण्याला खरें बळ आलें तें व्हॉल्व्हमुळें. फ्लेमिंग यांनीं १९०४ मध्यें दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ मध्यें त्यांत तिसरें अग्र, म्हणजे तारेची बारीक जाळी घातली. तापलेल्या तंतूपासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ओघ ही जाळी, कालव्याच्या दारावर बसलेल्या पाटकऱ्याप्रमाणें, अल्पशा हालचालीनें कमीजास्त करिते. क्षीण संकेतानें मोठ्या प्रवाहास वळवावें, हीच ध्वनिवर्धनाची गुरुकिल्ली. टेलिफोनच्या अभियंत्यांनीं या व्हॉल्व्हची निर्वात पोकळी सुधारली, आणि ११ नोव्हेंबर १९२१ रोजीं आर्लिंग्टन येथें अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशीं अध्यक्ष हार्डिंग बोलले, तें न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या लोकांनीं त्याच क्षणीं ऐकलें.

आपल्या देशांतहि या पेटीनें इतिहास पाहिला आहे. मुंबईच्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरवीत. गांधीजींचा आवाज मूळचाच मृदु. अफाट जनसमुदायाच्या कानीं तो जावयाचा तो अशा कर्ण्यांतूनच. १९४२ मधील गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत उषा मेहता यांच्याबरोबर मोटवाने हेहि आरोपी होते. पुढें ते निर्दोष सुटले. या सर्व काळांत पेटीचें कर्तव्य एकच मानलें गेलें : शब्द जसा उच्चारला असेल तसा, निर्मळ, शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा.

गिटारीची अडचण वक्त्याच्या अडचणीहून निराळी नव्हती. अमेरिकेंतील नृत्यवाद्यवृंदांत तुतारीच्या जातीचीं पितळी वाद्यें गर्जूं लागलीं, कीं बिचाऱ्या गिटारीचा स्वर बुडून जाई. बोशांप आणि रिकेनबॅकर यांनीं १९३२ च्या सुमारास विजेची गिटार बाजारांत आणिली. तिच्या तारांखालीं चुंबक व वेटोळें असतें. पोलादी तारेच्या कंपनानें त्या वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. १९३६ मध्यें गिब्सन यांची विजेची गिटार निघाली, आणि १९३९ मध्यें चार्ली ख्रिश्चन या तरुणानें बेनी गुडमनच्या वृंदांत तिला एकलवाद्याचा मान मिळवून दिला. योगायोग असा कीं, ‘६एल६’ हा प्रबळ व्हॉल्व्हहि १९३६ मधलाच. तो कांहीं गिटारीसाठीं जन्मला नव्हता. पण सभेची पेटी आणि गिटारीची पेटी यांचें रक्त त्यानें एक केलें. लिओ फेंडर यांचेंच उदाहरण घ्या. फुलर्टन गांवीं त्यांचें रेडिओ दुरुस्तीचें दुकान होतें, आणि सभांचे ध्वनिवर्धक बांधून भाड्यानें देणें हाहि त्यांचा धंदा होता. त्याच हातांनीं पुढें गिटारीचे ध्वनिवर्धक घडविले. त्यांतील एकाच्या रचनेवरून १९६२ मध्यें लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानांत पहिला ‘मार्शल’ तयार झाला.

येथें कथेला वळण मिळतें. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला, कीं ध्वनिलहरींचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात. व्याख्यानाच्या दृष्टीनें हा दोष. त्यानें शब्द घोगरा होतो. वादकांना मात्र या दोषांतच गोडी सांपडली. आपल्याकडील रसिकांना याचें नवल वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून आपण जवारी काढतों, ती कशासाठीं? निव्वळ तार वाजते तेव्हां स्वर शुद्ध असतो, पण उघडाबोडका वाटतो; तार घोडीला निसटती घासूं लागली म्हणजे उपस्वरांचें मोहोळ उठतें, आणि गायकाला बसावयाला आसन मिळतें. सभेच्या कर्ण्यांतून गिटारवाल्यांनीं शोधिली, ती एका परीनें विजेची जवारीच होय.

१९४७ मध्यें ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढल्या दोनतीन दशकांत शाळा, प्रार्थनामंदिरें व सभागृहें यांतून व्हॉल्व्हच्या पेट्या अडगळींत गेल्या. नामांकित गिटार-ध्वनिवर्धक ज्यांना परवडत नव्हते, त्यांनीं या पेट्या स्वस्तांत उचलल्या. रूपांतराची परंपरा मूळ धरते ती अशी, गरजेपोटीं.

या रूपांतरांत करावें लागतें तरी काय? पुष्कळ सभायंत्रांचें प्रवेशद्वार कमी रोधाच्या मायक्रोफोनसाठीं असतें. गिटारीच्या वेटोळ्याला मात्र सुमारें दहा लक्ष ओहमचा रोध समोर लागतो, नाहीं तर तिच्या स्वराची धार बोथट होते. बाहेरचें दारहि पाहावें लागतें. लांबवर पसरलेल्या अनेक कर्ण्यांना पुरवठा करण्यासाठीं या पेट्यांना ७० किंवा १०० व्होल्टच्या जोडण्या असत. गिटारीसाठीं ४, ८ किंवा १६ ओहमची जोडणी निवडून त्याच मापाचा कागदी शंकूचा स्पीकर लावावा लागतो. स्पीकर न जोडतां यंत्र जोरानें चालविलें, तर बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीति असते. मेणकागदी व विद्रावी कंडेन्सर कालांतरानें गळूं लागतात. ते बदलणें हें पहिलें काम.

आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या पेटींत ३०० ते ४५० व्होल्टचा दाब खेळत असतो, आणि तारेची खूण काढल्यावरहि तो कंडेन्सरांत दबा धरून राहूं शकतो. जुन्या पुष्कळ पेट्यांना दोनच तारा आहेत. कित्येकींत विजेच्या तारेपासून सांगाड्याला एक लहानसा कंडेन्सर जोडलेला असतो. तो फुटला तर सांगाड्यांत वीज उतरते. वक्ता मायक्रोफोनपासून दूर उभा राहूं शके; गिटारवादकाच्या बोटांखालच्या तारा मात्र थेट सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. तेव्हां तिसरी, जमिनीची तार आणि योग्य फ्यूज हीं आधीं, सूर मागाहून. हें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें.

राहतां राहिला औचित्याचा प्रश्न. जी पेटी कोणत्या सभेंत, कोणाच्या सेवेंत होती याचा पुरावा उपलब्ध आहे, तिला हात लावूं नये. ती इतिहासाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची जबानी बदलणें हा अन्याय होय. परंतु कारखान्यांतून एकसारख्या निघालेल्या, नांवगांव नसलेल्या पेट्या गंजून भंगारांत जाण्यापेक्षां पुन्हां बोलत्या झालेल्या बऱ्या. मात्र सांगाड्याला नवीं भोकें पाडूं नयेत, काढलेले भाग जपून ठेवावे, केलेल्या फेरफाराचा नकाशा पेटींतच चिकटवावा. म्हणजे उद्यां कोणाला मूळ रूप पाहावेंसें वाटलें, तर वाट मोकळी राहील. वाडा दुरुस्त करतांना शहाणा मनुष्य जुने वासे मोजून ठेवतो, तितकी काळजी या पेटीच्याहि वांट्याला यावी, एवढीच अपेक्षा.