यवतमाळची सेमिनरी आणि ‘कैवारी’ हा शब्द



जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या आपल्या भागातला एखादा पदवीधर तरुण म्हणाला, की मला पवित्र शास्त्रावर आधारलेल्या समुपदेशनाचं पुढचं शिक्षण घ्यायचंय, तर घरचे विचारतात, “पाळकसाहेब प्रार्थना करतातच ना, मग वेगळं शिकायचं काय?” प्रश्न रास्त आहे. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

अमेरिकेत अँटन बॉयसन नावाचे एक पाळक होते. ते स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले. 1925 साली त्यांनी ईश्वरज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात नेलं. ग्रंथ जसा वाचतो तसं दुःखी माणसाचं आयुष्य वाचायला शिका, हा त्यांचा आग्रह. पुढे 1970 मध्ये जे ॲडम्स यांनी उलट बाजू मांडली: मानसशास्त्राच्या मागे कशाला धावता, पाळकाच्या हातात शास्त्र आहे. ‘बिब्लिकल कौन्सेलिंग’ ही चळवळ तिथून वाढली. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण जो रात्र रात्र झोपत नाही, जीव द्यायची भाषा करतो, त्याला आधी डॉक्टरकडे न्यावं. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नव्हे. ईयोबाच्या मित्रांचं पाहा. सात दिवस ते गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं.

आपल्याकडे वरच्या शिक्षणाची सोय फार लांब नव्हती. 1953 साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरातून मुलं वऱ्हाडात शिकायला येऊ लागली. 1983 मध्ये ती पुण्याला, बिबवेवाडीत गेली. शिकवणं इंग्रजीतून. (विदर्भाचं त्यात नुकसान झालं, असं माझं मत.) हिंदी पट्ट्यातल्यांना जबलपूरचं लिओनार्ड कॉलेज आहेच.

अडचण भाषेची आहे. विल्यम कॅरी बंगालात बसून मराठी शिकले ते वैजनाथ पंडितांकडून. पंडित नागपूरकडचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच भोसल्यांच्या मुलखातले. 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं. परक्या माणसानं एवढे कष्ट का घेतले? दुःख माणूस आपल्याच बोलीत सांगतो. इंग्रजीत ‘कौन्सेलर’ म्हणतात, पण योहानाच्या चौदाव्या अध्यायात पवित्र आत्म्यासाठी आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहे ‘कैवारी’. कैवारी सल्ला देऊन उठून जात नाही, तो आपली बाजू घेऊन उभा राहतो.

म्हणून ज्याला जायचंय त्याने जावं, मंडळीनेही फीला हातभार लावावा. प्रवेश घेण्याआधी संस्थेला एवढं मात्र विचारावं: प्रात्यक्षिक कुठे करायचं, देखरेख कोण करणार, आणि समोर बसलेली बाई सौंसरकडच्या मराठीत रडत बोलली, तर ते ऐकून घ्यायला शिकवणारं तिथे कोणी आहे का?