शिवेचा साक्षीदार आणि मोजणीची साखळी

गावगाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पाटलाची पांढरी पाहिली, कुलकर्ण्याचे दफ्तर चाळले. पण गावाची शिव ज्याच्या पायांनी ठरत होती, त्या महाराची दखल ओझरतीच घेतली. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराला पुढे करीत. तो चालून दाखवील ती शिव. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधता येत नव्हते, त्याच्या शब्दावर गावाची हद्द उभी होती! हा मान मात्र नव्हे, ती वतनी चाकरी होती. तिच्या मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ त्याच्या वाट्याला आली.

या व्यवस्थेत मोजणीची साखळी आली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. तेव्हाच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार मेडोज टेलरकडे होता. त्याने येथे जमीनमोजणीला हात घातला. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे सालारजंगाच्या कारकिर्दीत, १८७० च्या दशकापासून, निजामाच्या मराठी जिल्ह्यांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात घालून दिलेली तीच ही पद्धत.

साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. शंकू लावून काटकोन काढायचा, माप टिपणात उतरवायचे, हद्दीचे दगड रोवायचे, मातीची प्रत पाहून आकार बसवायचा. बिघा-चाहुराच्या अंदाजाची जागा सर्व्हे नंबराने घेतली.

मोजणी शास्त्रीय होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शास्त्राने जमीन मोजली, जमिनीवरचा अन्याय मोजला नाही. ज्याच्या नावे आकार, तो खातेदार. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या हातांना रकाना नव्हता. शिवेचे ज्ञान महाराच्या पायांतून कागदावर गेले, आणि कागद उर्दू वा मोडी वाचणाऱ्यांच्या हाती राहिला. ज्ञान गेले, वेठ मात्र उरली.

म्हणूनच २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेचे महत्त्व मोठे. वतनाचा तुकडा म्हणजे गुलामीची बेडी, हे बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक आणल्यापासून सांगत होते.

वतने पुढे कायद्याने गेली. भूमिहीनता गेली नाही. गायरान म्हणून नोंदलेले नंबर भूमिहीनांनी कसायला घेतले. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. पण तेथेही प्रश्न तोच : कागद कोठे आहे?

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चाबरोबर दफ्तराचीही वाट धरली पाहिजे. भूमी अभिलेख कार्यालयातले टिपण, सेतवार आणि १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागून वाचले पाहिजे. आमच्या आजोबांनी शिव पायांनी दाखवली. नातवंडांनी ती कागदावर वाचायला शिकावे. जमिनीची लढाई शेवटी नोंदीच्या रकान्यातही लढावी लागते.