नकलेची निवड : एका ताल-यंत्राचा इतिहास



वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूर हें माझें गांव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) ज्या प्रांताला खंजिरीचा छंद लावला, त्याच प्रांतांतलें. संध्याकाळीं देवळांत खंजिरी वाजूं लागली म्हणजे दिवस संपला असें आम्ही समजतों. अशा गांवच्या निवृत्त शिक्षकानें जपानी विद्युत्-यंत्राविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. पण कारण घरांतलेंच आहे. माझा नातू संगणकावर संगीत रचतो. एके रात्रीं त्यानें मला तीन ताल ऐकविले आणि विचारलें, "आबाजी, तुम्ही पन्नास वर्षं खंजिरी ऐकता. सांगा बरं, यातलं खरं कोणतं?" मीं म्हटलें, "बाबू, तिन्ही खोटे." तो हंसून म्हणाला, "खोटे तर आहेतच. पण ज्याची ही नक्कल, ते यंत्रही ढोलाची नक्कलच होतं." मी निरुत्तर झालों, आणि त्या मूळ यंत्राचा इतिहास शोधूं लागलों.

इकुतारो काकेहाशी यांनीं १९७२ सालीं जपानांत ओसाका येथें रोलँड कंपनी स्थापिली. तिनें १९८० सालीं 'टीआर-८०८' हें ताल-यंत्र बाजारांत आणलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत रॉजर लिन यांचें 'एलएम-१' निघालें. त्यांत खऱ्या ढोलांचें ध्वनिमुद्रण सांठविलेलें होतें, आणि किंमत होती सुमारें ५,००० डॉलर. ८०८ ची किंमत १,१९५ डॉलर; मात्र त्याच्या पोटांत ध्वनिमुद्रण मुळींच नव्हतें. मोठ्या ढोलासाठीं एक विद्युन्मंडल होतें. त्यावर विजेचा ठोका पडला कीं टोला दिलेल्या घंटेप्रमाणें तें कंप पावे, आणि तो कंप हळूहळू विरून जाई. झांजेसाठीं सहा आंदोलकांचे बेसूर स्वर एकत्र करून गाळून घेतलेले होते. टाळीसाठीं केवळ गाळलेला खरखराट. काकेहाशींनीं मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. त्यांच्या दोषांतूनच यंत्राचा विशिष्ट सरसराट निपजला. पुढें ट्रान्झिस्टरांची बनावट सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला, आणि १९८३ सालीं, सुमारें १२,००० यंत्रें झाल्यावर, उत्पादन थांबलें. सुधारणेनेंच वाद्याचा अंत व्हावा, असें उदाहरण विरळाच!

खऱ्या ढोलासारखें वाजत नाहीं म्हणून जाणत्यांनीं त्यास नाकारलें. तें जुन्या बाजारांत स्वस्त झालें आणि गरीब होतकरू कलावंतांच्या हातीं पडलें. १९८२ सालींच अमेरिकेंत मार्व्हिन गे आणि आफ्रिका बंबाटा यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिका त्यावर घडल्या. त्याच वर्षीं आपल्या मुंबईंतही एक विलक्षण प्रयोग झाला. चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं ८०८ च्या जोडीस रोलँडचींच दोन स्वरयंत्रें घेऊन भैरव, ललत, भूपाळी, मालकंस असे दहा राग वाजविले. ती तबकडी तेव्हां फारशी कोणी ऐकली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, आणि शिकागोंत १९८० नंतरच्या दशकांत जन्मलेल्या नृत्यसंगीताशीं तिचें साम्य पाहून पाश्चात्य रसिक चकित झाले. वृद्धपणीं सिंगांना परदेशीं वादनाचीं निमंत्रणें आलीं. २०१५ सालीं ते निवर्तले.

आतां मूळ यंत्रें दुर्मिळ व महाग झालीं, म्हणून संगणकावरील अनुकृति आल्या. १९९७ सालचें 'रीबर्थ' हें त्यांतलें एक आरंभीचें सॉफ्टवेअर. पुढें खुद्द रोलँडनेंही स्वतःच्या यंत्राच्या अनुकृति काढल्या. या साऱ्यांत मुख्य पंथ दोन. एका पंथांत मूळ यंत्राचा एकेक आवाज मुद्रित करून ठेवतात, व कळ दाबली कीं तोच पुन्हां वाजतो. दुसऱ्या पंथांत विद्युन्मंडलाचें गणित मांडून आवाज प्रत्येक वेळीं नव्यानें काढतात. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१४ सालीं ८०८ च्या मोठ्या ढोलाचें असेंच गणित प्रसिद्ध केलें.

या दोहोंची पारख कशी करावी? ढोलाची आंस लांबवून ठोके भराभर द्यावेत. मूळ यंत्रांत पहिला कंप विरण्यापूर्वींच दुसरा ठोका पडतो, म्हणून तो आवाज किंचित् निराळा उमटतो. नुसतें मुद्रण असेल, तर प्रत्येक ठोका शिक्का मारल्यासारखा एकच. मात्र एखाद्यास तो शिक्काच हवा असेल, तर मुद्रणाची निवड चुकीची म्हणतां येणार नाहीं. तें सोपें व हलकें असतें.

येथें मला नाथमहाराजांचें स्मरण होतें. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, त्यांनीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. लेखकांच्या हातून शिरलेले दोष काढले, पण ज्ञानदेवांची बोली आपल्या काळाच्या सोयीनें बदलूं दिली नाहीं. नकलकाराचा दोष कोणता आणि कर्त्याचा स्वभाव कोणता, हा विवेक ज्याला साधला त्याचीच प्रत टिकते. ८०८ चा सरसराट हा दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव होय. तो पुसून टाकणारी अनुकृति कितीहि स्वच्छ असली, तरी ती ८०८ ची नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मीं ते तीन ताल पुन्हां ऐकले, आणि भरभर ठोक्यांत ज्याचा आवाज हलत होता तो नातवास दाखविला. त्यानें तोच घेतला. मग मीं त्यास देवळांत नेलें. पावसाळ्याचे दिवस, खंजिरीचें कातडें सैल पडलेलें. एक म्हातारे वादक तें विस्तवावर शेकीत होते, मधून मधून बोटानें ठोकून पाहात होते. तो शेक कोठवर द्यावा, हें कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नाहीं. नातू यंत्र पुढें करून तें मुद्रित करूं लागला. मीं त्याला म्हटलें, "आवाज नंतर घे. आधीं त्यांच्याजवळ बस, आणि शेकायचं कसं तें शीक."