अँड्रॉइड की आयफोन? रोजच्या वापरासाठी कार्यप्रणालीची निवड

नवी दिल्ली - भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दिल्लीत मुख्यालय असलेल्या या आयोगासमोरील प्रश्न वरकरणी कंपन्यांमधील करारांचा होता. मात्र ग्राहकाने विकत घेतलेल्या फोनमध्ये काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा मुद्दा त्याच्या मुळाशी होता. फोन खरेदी करताना कॅमेरा आणि किंमत पाहिली जाते. कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचा, विचार सहसा केला जात नाही. प्रत्यक्षात फोन किती वर्षे सुरक्षित राहणार, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

दोनच पर्याय का उरले?

आयफोन भारतात २२ ऑगस्ट २००८ रोजी विक्रीस आला. त्या वेळी येथील बाजारपेठेवर नोकियाच्या सिम्बियन प्रणालीचे वर्चस्व होते. पुढे ब्लॅकबेरी आणि विंडोज याही प्रणाली लोकप्रिय झाल्या. परंतु स्पर्धेत कोणीही टिकले नाही. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. आज सर्वसामान्य ग्राहकासमोर गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस हे दोनच व्यवहार्य पर्याय आहेत. मद्रास आयआयटीशी संलग्न संस्थेने विकसित केलेली 'भारओएस' ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली. मात्र ती सर्वसाधारण दुकानांत मिळणाऱ्या फोनपर्यंत पोहोचलेली नाही.

दिल्ली परिसरातील प्रयोग

अँड्रॉइडची सर्वांत मोठी उणीव दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न दिल्लीतूनच सुरू झाला होता. १५ सप्टेंबर २०१४ रोजी सुंदर पिचाई यांच्या उपस्थितीत येथे 'अँड्रॉइड वन' योजनेचा प्रारंभ झाला. गुरुग्रामच्या मायक्रोमॅक्ससह कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून उपलब्ध करून देण्यात आले. स्वस्त फोनलाही गूगलकडून थेट नव्या आवृत्त्या मिळाव्यात, असा त्यामागील हेतू होता. या तिन्ही भारतीय कंपन्या नंतर चिनी स्पर्धकांपुढे मागे पडल्या. स्वस्त फोनना वेळेवर अद्यतने मिळण्याचा प्रश्न मात्र कायम राहिला.

त्याचे कारण अँड्रॉइडच्या रचनेत आहे. गूगल दर महिन्याला सुरक्षाविषयक दुरुस्त्या जाहीर करते. परंतु त्या फोनपर्यंत पोहोचण्यापूर्वी चिप तयार करणारी कंपनी आणि फोन उत्पादक यांच्या हातून जातात. उत्पादकाने आपल्या प्रणालीत केलेल्या बदलांशी त्या जुळवून घ्याव्या लागतात. या साखळीत महागड्या फोनना प्राधान्य मिळते. आयओएसच्या बाबतीत यंत्र आणि प्रणाली दोन्ही ॲपलचीच असल्याने सर्व पात्र फोनना एकाच वेळी अद्यतन मिळते. २०१८ मधील आयफोन एक्सएस या फोनला २०२४ साली आलेली आयओएस १८ ही आवृत्तीही मिळाली.

अलीकडे हे अंतर कमी झाले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी, तर सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अद्यतनांची हमी दिली. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनना मात्र याहून बरीच कमी वर्षे मिळतात.

मोकळीक आणि धोका

अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरच्या बाहेरूनही ॲप टाकता येते. ही मोकळीक उपयुक्त असली तरी ठगांनाही तिचा फायदा होतो. वाहतूक दंडाची नोटीस किंवा लग्नपत्रिका असल्याचे भासवून व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल धाडली जाते. ती उघडून परवानग्या दिल्यास बँकेचे संदेश परक्या हाती जाऊ शकतात. भारतातील आयफोनवर ॲप स्टोअरबाहेरून असे ॲप टाकण्याची सोय सामान्य ग्राहकाला नाही. तरीही बनावट संकेतस्थळ किंवा फोनवरून ओटीपी विचारणारा ठग यांच्यापासून कोणतीही प्रणाली वाचवत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवणे हाच उपाय आहे.

आयओएसच्या बंदिस्तपणाचीही किंमत आहे. ॲप कोठून घ्यावे आणि पैसे कोणत्या मार्गाने भरावेत, यावर ॲपलचे नियंत्रण राहते. या अटींची चौकशी करण्याचा आदेश स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला होता.

गूगलच्या प्रकरणात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. त्यांत आधीपासून असलेली गूगलची ॲप काढून टाकण्याची मुभा देण्याचाही निर्देश होता. तत्पूर्वी जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतासाठी काही बदल जाहीर केले. त्यानुसार उत्पादकांना गूगलची सर्व ॲप एकत्रित घेण्याची सक्ती उरली नाही आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याचा पर्याय देण्यात आला. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला.

मराठी आणि किंमत

फोनची संपूर्ण मांडणी मराठीत करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. आयफोनवर मराठी कळफलक पूर्वीपासून असला, तरी मांडणीची भाषा म्हणून मराठी २०२५ मधील आयओएस १८.४ या आवृत्तीत आली. घरातील ज्येष्ठांसाठी फोन घेताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

किमतीत अँड्रॉइडची बाजू भक्कम आहे. नोएडातील सॅमसंगच्या विस्तारित कारखान्याचे उद्‌घाटन ९ जुलै २०१८ रोजी झाले. तेव्हा वर्षाला १२ कोटी फोनच्या निर्मितीचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. दिल्लीतील साकेत येथे २० एप्रिल २०२३ रोजी ॲपलचे स्वतःचे दालन सुरू झाले, तरी नवा आयफोन अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहे.

निवड कशी करावी?

मर्यादित खर्च, मराठी मांडणी आणि विविध पर्याय हवे असल्यास अँड्रॉइड सोयीचे ठरते. अधिक खर्चाची तयारी असेल आणि फोन अनेक वर्षे फारशी उठाठेव न करता वापरायचा असेल, तर आयओएस योग्य. मात्र दोन्हींपैकी काहीही घेताना सुरक्षा अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे तपासावे. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, ग्राहकाने तो घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेताना त्याच्या मुदतीतील दोन वर्षे आधीच संपलेली असतात. मुदत संपलेला फोन चालू राहतो. पण यूपीआय आणि बँकेचे व्यवहार त्यावर करणे जोखमीचे ठरते.