शिंगं फुटलेला आयरिस आणि ‘विकृती’ नावाचा शब्द

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत आज फूल कशाला, असं काही जणांना वाटेल. पण ‘विकृती’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. तो नेमका कशाला लागू पडतो, हे पाहायला आम्हाला या फुलाइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

दाढीवाला आयरिस आपल्याकडे महाराष्ट्रात क्वचितच दिसतो. काश्मीरला गेलेल्यांनी तिथल्या कबरस्तानांत त्याचा पांढरा भाऊबंद पाहिला असेल. फुलाची रचना अगदी हिशोबी असते. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर केसांची एक पट्टी. तीच दाढी. सगळा मामला तिनाचा!

आता कॅलिफोर्नियातल्या प्लेसरव्हिल गावी जाऊ. तिथे लॉइड ऑस्टिन नावाचे गृहस्थ होते. (अमेरिकेचे अलीकडचे एक संरक्षणमंत्री याच नावाचे, पण ते वेगळे.) हे ऑस्टिन आधी पाइन वृक्षांच्या संकराचं काम करत, पुढे आयरिसकडे वळले. काही रोपांमध्ये दाढीचं टोक पाकळी सोडून वर उचललं जातं आणि शिंगासारखं बाहेर येतं, हे त्यांनी हेरलं. कधी त्या शिंगाच्या टोकाला चमचा दिसे, कधी झालर. दुसऱ्या कुणी अशी रोपं उकिरड्यावर टाकली असती. ऑस्टिननी ती वाढवली, त्यांचे आपसांत संकर केले आणि १९५४ साली ‘युनिकॉर्न’ नावाचा वाण बाजारात आणला. या फुलांना त्यांनी ‘स्पेस एज’ आयरिस म्हटलं.

प्रतिक्रिया काय असणार, ते ओळखा. अनेक जाणकारांनी नाक मुरडलं. हे सौंदर्य नव्हे, व्यंग आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एक आक्षेप असा, की शिंग दरवर्षी सारखं येत नाही. या बागेत येतं, त्या बागेत येत नाही. एखाद्या वर्षी पहिली फुलं साधीच निघतात आणि नंतरच्यांना शिंगं फुटतात. मग हा वाणाचा गुण म्हणायचा की हवेचा खेळ?

पहिला आक्षेप आम्ही रुचीचा म्हणून सोडून देऊ. दुसरा मात्र खरा प्रश्न आहे.

उलगडा आयरिसच्या कंदातच आहे. कंदाचे तुकडे करून लावले की प्रत्येक तुकड्याचं आनुवंशिक द्रव्य तेच राहतं. एकाच ‘युनिकॉर्न’चे दहा तुकडे दहा गावी लावले आणि फुलं वेगळी आली, तर तो फरक बहुतेक करून हवा, माती आणि ऋतू यांचा. उलट एकाच वाफ्यात, एकाच थंडीत शेजारचा वाण साधा फुलला आणि याला शिंग आलं, तर ते रक्तातलं. डॅनिश शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ साली जीनप्ररूप आणि दृश्यप्ररूप हे दोन शब्द दिले, ते हाच भेद दाखवण्यासाठी. त्यांनी तो घेवड्याच्या बियांवर काम करून मांडला.

हवा एकटीही गोंधळ घालते. वसंतात दांडा वर येत असताना, आत कळीचे अवयव घडत असतानाच कडाक्याची थंडी परतली, की तिनाचा हिशोब चुकतो. दोन-दोन पाकळ्यांचं किंवा चार-चारांचं फूल येतं, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. माळी हरखून जातो, नवा वाण मिळाला म्हणून! पुढच्या वर्षी त्याच कंदातून मुकाट्याने तीन-तीन पाकळ्यांचं फूल येतं.

आणि जनुकांचा खेळही सोपा नाही. आजचे उंच आयरिस चतुर्गुणित आहेत. त्यांच्यात गुणसूत्रं ४८, म्हणजे दोनऐवजी चार संच. एखादा गुण एकाच अप्रभावी जनुकावर आहे असं धरून चालू. साध्या द्विगुणित झाडात दोन संकरित आईबापांच्या चार संततींपैकी एकीत तो दिसेल. चतुर्गुणितात, दोन्ही आईबापांकडे त्याच्या दोन-दोन प्रती असल्या तरी, सरासरी छत्तीसांत एकीत. त्यात बी पेरल्यापासून फूल दिसेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. हे धंद्याचं काम नव्हे, वेडाचं आहे.

‘विकृती’ हा शब्द जुना आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात म्हटलं होतं, की विचित्र जीव निसर्गाविरुद्ध असतो तो एवढ्याच अर्थाने, की सहसा जे घडतं त्याच्या तो विरुद्ध असतो. १७४२ मध्ये स्वीडनच्या एका बेटावर लिनेरियाचं असं फूल सापडलं, ज्याला एका शेपटीऐवजी पाच होत्या. लिनियसला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टेने दुसरं फूल चिकटवलंय. १७४४ मध्ये त्याने त्याला ‘पेलोरिया’ नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ राक्षस! जाती स्थिर आहेत असं मानणाऱ्या माणसाला ते फूल पचवणं जड गेलं.

१९९९ मध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस केंद्रात पिलार कुबास, कोरल व्हिन्सेंट आणि एन्रिको कोएन यांनी तशाच फुलाचं जनुक तपासलं. जनुकाची अक्षरं बदललेली नव्हती. त्यावर मेथिल गटांची दाट पुटं चढून ते गप्प झालं होतं. म्हणजे ‘जनुक की हवा’ या दोन खणांत न बसणारा तिसरा प्रकार निघाला.

त्या झाडांवर कधी कधी एखाद्या फांदीवरची पुटं उतरतात. मग त्याच झाडावर, पाच शेपट्यांच्या फुलांशेजारी, त्या फांदीवर एका शेपटीची साधी फुलं येतात.