पॅटर्न-संग्रहाचा डेटाबेस

पॅटर्न-संग्रहाचा डेटाबेस : कपडे बेतण्यासाठी लागणाऱ्या पॅटर्नची संगणकावर ठेवलेली, हवी तशी शोधता येणारी नोंद. पॅटर्न म्हणजे पुढा, पाठ, बाही, कॉलर, पट्टी अशा भागांचे मापात कापलेले कागदी आकार. पॅटर्न कोणाचा, कोणत्या मापाचा, त्याचे भाग किती, कापड किती लागते, तो कोणत्या खोक्यात आहे आणि शिवून पाहिल्यावर कसा बसला, हे सारे या नोंदीत येते.

पुस्तक चाळता येते, पॅटर्न चाळता येत नाही. तो पाकिटात घडी घालून ठेवलेला असतो. घडी मोडल्याशिवाय आत काय आहे ते समजत नाही आणि दर वेळी घडी मोडली की पातळ कागद थोडा फाटतो. संग्रह शे-दीडशेवर गेला की घरात असलेलाच पॅटर्न पुन्हा विकत घेतला जातो किंवा पुन्हा काढला जातो. पॅटर्नला हात न लावता तो पाहता यावा, हे अशा डेटाबेसचे पहिले काम आहे.

पार्श्वभूमी : मापवार कागदी पॅटर्नचा व्यापार अमेरिकेत सुरू झाला. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग येथील शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये एकाच कपड्याचे वेगवेगळ्या मापांतील पॅटर्न विक्रीस आणले. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एलेन डेमोरेस्ट आणि त्यांचे पती आपल्या फॅशन-नियतकालिकाच्या जोडीने पातळ कागदाचे पॅटर्न विकत होते. पुढे मॅकॉल (१८७०), व्होग (१८९९) आणि सिम्प्लिसिटी (१९२७) यांचे पॅटर्न आले.

सुरुवातीच्या पॅटर्नवर काही छापलेले नसे. टक कुठे घ्यायचा, कोणता भाग कुठे जोडायचा, हे कागदाला पाडलेल्या छिद्रांवरून ओळखायचे. रेषा आणि सूचना थेट पॅटर्नवर छापण्याची पद्धत मॅकॉलने १९२० च्या सुमारास आणली. पाकीट हरवले, तर त्याआधीच्या पॅटर्नचे नुसते छिद्रे असलेले कोरे कागद उरतात. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र नोंदीला जोडावे, असा आग्रह अनुभवी संग्राहक धरतात तो यामुळेच.

जर्मनीत एने बुर्डा यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मासिकाने वेगळी रीत रुजवली. एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात आणि हवा तो आकार दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचा असतो. अशा पॅटर्नला पाकीट नसते. त्याच्या नोंदीत अंकाचे वर्ष व महिना, कपड्याचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक लिहावा लागतो. आकार उतरवून झाला आहे की नाही, हेही लिहिणे उपयोगी पडते.

ओळख आणि माप : पॅटर्नवर छापलेला क्रमांक हीच त्याची ओळख, असे वाटणे साहजिक आहे, पण कंपन्यांनी काही वर्षांनी तेच क्रमांक पुन्हा वापरले आहेत. एकाच कंपनीच्या एकाच क्रमांकाचे, वेगवेगळ्या दशकांतील दोन निराळे कपडे सापडतात. म्हणून कंपनी, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही मिळून ओळख धरतात. पाकिटावर वर्ष नसेल, तर त्या काळच्या कॅटलॉगांशी आणि मासिकांशी क्रमांक ताडून ते ठरवतात. पाकिटावर पेटंटची तारीख असली, तरी ती पॅटर्नची तारीख नव्हे.

साइजचा नंबरही असाच फसवा आहे. अमेरिकन पॅटर्नवर १९६० च्या दशकाच्या आरंभी १२ नंबर म्हणजे ३२ इंच छाती होती. १९६८ पासूनच्या पॅटर्नवर त्याच १२ नंबरला ३४ इंच छाती धरली जाते. नुसता १२ लिहून ठेवणाऱ्याचा ब्लाउज दोन इंचांनी चुकतो. त्यामुळे नोंदीत छाती, कंबर आणि सीट इंचांत किंवा सेंटीमीटरमध्ये लिहावी व छापील नंबर वेगळ्या रकान्यात ठेवावा. शरीराचे माप आणि तयार कपड्याचे माप यांत जो सैलपणा धरलेला असतो, तो कळत असल्यास तोही लिहावा.

शिलाईच्या मायेचा रकाना वेगळा हवा. अमेरिकन पाकिटांतल्या पॅटर्नमध्ये साधारणपणे पाच-अष्टमांश इंच (सुमारे १.५ सेंमी.) माया धरलेली असते, बुर्डा मासिकातल्या रेषांवर माया नसते, ती कापताना सोडावी लागते. हा फरक नोंदला नाही, तर कापड कापून झाल्यावरच तो लक्षात येतो.

नमुनेदार संग्रह : अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाचे कमर्शिअल पॅटर्न आर्काइव्ह हे या कामाचे सर्वांत परिचित उदाहरण. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर वेशभूषेचे काम करणाऱ्या बेटी विल्यम्स यांनी जमवलेले पॅटर्न आणि त्यांचा काळ ठरवण्याचा त्यांचा अभ्यास या संग्रहाच्या मुळाशी आहे. विद्यापीठातील नाट्यविभागाच्या प्राध्यापक जॉय स्पॅनेबल एमरी यांनी संग्रहाला डेटाबेसचे रूप दिले. पॅटर्न-उद्योगाच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. डेटाबेसमध्ये पन्नास हजारांहून अधिक पॅटर्नच्या नोंदी आहेत आणि त्यांतील सर्वांत जुने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले आहेत.

पाकिटाचे चित्र आणि आतल्या भागांची छोटी आकृती नोंदीत शेजारी शेजारी दिसतात. बाही एका तुकड्याची की दोन, घेर चुण्यांनी आणला आहे की कळ्यांनी, हे आकृतीवरून घडी न मोडता कळते. नाटकासाठी ठरावीक सालचा पोशाख शिवणाऱ्याला आणि संग्रहालयातल्या कपड्याचा काळ शोधणाऱ्याला या आकृत्यांचा मोठा उपयोग होतो. सामान्य घरांत शिवले आणि वापरून झिजवले गेलेले कपडे संग्रहालयांत क्वचितच पोहोचतात. ते कसे बेतले जात, याचा पुरावा या पातळ कागदांत टिकून आहे.

रचना : लहान संग्रहाला स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक पॅटर्न आणि पुढील रकाने, अशी मांडणी बहुतेकांना सोयीची जाते : स्वतःचा अनुक्रमांक, कंपनी, छापील क्रमांक, वर्ष, कपड्याचा प्रकार, मापे, माया, भागांची संख्या, अस्तर, काजे-बटणे-चेन, कापडाचा पन्हा आणि लागणारी लांबी, कागद अखंड की कापलेला, ठेवण्याची जागा.

भागांची संख्या प्रत्यक्ष मोजून लिहावी. जुन्या बाजारातून आणलेल्या पाकिटात कॉलर किंवा खिशाचा तुकडा नसणे नेहमीचेच. कापडाची लांबी पन्ह्याशिवाय निरर्थक ठरते. ३६ इंची पन्ह्याला लागणारे कापड आणि ४५ इंची पन्ह्याला लागणारे कापड एक नसते.

एकाच पॅटर्नवरून चार कपडे शिवले गेले की एका ओळीत सगळे मावत नाही. अशा वेळी संबंधाधिष्ठित रचना उपयोगी पडते. तिचा सिद्धांत आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. यात पॅटर्न, माणसांची मापे, घरात असलेले कापड आणि शिवलेले कपडे यांचे वेगवेगळे तक्ते करतात व अनुक्रमांकांनी ते जोडतात. ‘घरात अडीच मीटर सुती कापड आहे, पन्हा ३६, आठ वर्षांच्या मुलीला त्यात काय बसेल?’ असा प्रश्न मग एका फटक्यात सुटतो. लिबरऑफिस बेस, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा एअरटेबल यांपैकी कशातही ही रचना उभी करता येते.

कागद आणि नोंद यांना जोडणारा दुवा म्हणजे अनुक्रमांक. तो पाकिटावर, छायाचित्राच्या फाइलला आणि नोंदीत सारखाच असावा. खोकी कपड्याच्या प्रकारानुसार लावली, तर प्रत्येक नव्या पॅटर्नबरोबर सगळे सरकवावे लागते. अनुक्रमांकाने लावली, तर नवा पॅटर्न शेवटी जातो आणि प्रकारानुसार शोधण्याचे काम संगणक करतो.

पीडीएफ पॅटर्न : विकत घेऊन घरी छापायच्या पॅटर्नच्या नोंदीत कागदाचा आकार (ए४ किंवा ए०), पानांची संख्या, आवृत्ती आणि वापराची परवानगी लिहितात. अनेक निर्माते केवळ वैयक्तिक वापराला मुभा देतात. शिवून विकायचे असेल, तर अट पाहावी लागते. पानावर दिलेला चाचणी-चौकोन पट्टीने मोजला आणि माप बरोबर आले, याची खूणही नोंदीत करावी. प्रिंटरने पान किंचित लहान छापले, तर तो फरक पानागणिक वाढत जातो.

देवनागरीतील नोंद : मराठीत नोंद करताना शब्द आधी ठरवून घ्यावे लागतात. कोणी पोलके म्हणते, कोणी ब्लाउज, कोणी चोळी. त्यात ‘ब्लाउज’ आणि ‘ब्लाऊज’ ही दोन लेखने संगणकाला दोन निरनिराळ्या वस्तू वाटतात. ‘ॲप्रन’मधला पहिला स्वर दोन प्रकारे टंकित होतो, डोळ्यांना तो सारखा दिसला, तरी शोधताना त्याची जुळणी चुकू शकते. यावर उपाय म्हणजे प्रकारांची ठरावीक यादी करून त्यातूनच शब्द निवडणे. देवनागरी अंक अनेक स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणून धरले जातात, त्यामुळे मापांच्या रकान्यात इंग्रजी अंक घालणे सोयीचे. नोंदीची प्रत बाहेर काढताना यूटीएफ-८ निवडावे, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. ही प्रत संगणकाबाहेर दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी.

घरी काढलेले पॅटर्न : महाराष्ट्रात मोठा साठा पाकिटांचा नसून ब्राऊन पेपरचा आहे. शिवणवर्गात मापे घेऊन काढलेली, कात्रीने कापलेली आणि दोऱ्यात ओवून खिळ्याला अडकवलेली झबली, कुंची, परकर, फ्रॉक आणि ब्लाउज यांची ड्राफ्टिंग अनेक घरांत आहेत. त्यांवर पेन्सिलीने ‘मागील भाग’ आणि फार तर एखादे नाव असते.

अशा पॅटर्नच्या नोंदीत तो कोणी काढला, कोणासाठी, कोणत्या तारखेच्या मापांवर आणि नंतर काय बदलले, हे लिहावे : खांदा अर्धा इंच कमी केला, मुंढा पाव इंच खोल घेतला, उंची दोन इंच वाढवली. कागद सपाट पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून सरळ छायाचित्र घ्यावे म्हणजे मूळ कागद विरला तरी आकार पुन्हा काढता येतो. उभ्या धाग्याची रेषा नसेल, तर काढणाऱ्या व्यक्तीला विचारून ती मारून घ्यावी.

कंपनीच्या पॅटर्नचे वर्ष पन्नास वर्षांनीही कॅटलॉगवरून शोधता येते. ब्राऊन पेपरला क्रमांक नाही, कॅटलॉग नाही. त्याची सगळी माहिती तो काढणाऱ्या बाईजवळ असते आणि ती सांगू शकते तोवरच ती लिहून घेता येते. म्हणून घरच्या संग्रहाचा डेटाबेस करताना पहिली नोंद याच कागदांची करावी. छापील पाकिटे थांबू शकतात.