अमळनेरचा 'मी', मोरवडचा 'आप'

'मी म्हणजे नेमकं कोण?' म्हटलं की देकार्त आठवतो. १६३७ साली सगळ्यावर शंका घेत घेत तो विचार करणाऱ्या 'मी'पाशी येऊन थांबला. वेदान्त आणखी मागे जातो, त्या विचारांना पाहणारा कोण म्हणून. कांट आणि वेदान्त या दोघांशी एकदम झगडणारं कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' १९३० साली चक्क आमच्या खानदेशातून निघालं, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून! (पुण्यात सांगून बघा, थाप वाटते लोकांना.)

पण मला जास्त भावतं ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोद्याजवळ घडलेलं. त्याच दशकात मोरवडचे गुलाम महाराज भिल्लांना सांगत होते, दारू सोडा आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्यांच्या वाट्याला जन्मभर अरे-तुरेच आलं, त्यांना! गंमत म्हणजे 'आप' आला संस्कृत 'आत्मन्'वरूनच. आपला 'आपण'ही तिथलाच. देकार्तला त्याचा 'मी' खोलीत एकट्याने बसून सापडला. हा 'आप' मिळायला मात्र समोर दुसरा माणूस लागतो. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. अनुयायी आजही भेटल्यावर म्हणतात, 'आप की जय'.